उजवीकडचं चाक

१

अनंतराव खेर्डेकरांनी मरताना एकच शब्द उच्चारला. त्या वेळी तिथं तीनच माणसं होती. पण संध्याकाळपर्यंत रायपूरच्या बूढापारा वस्तीतल्या किमान साठ जणांनी तो शब्द स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि दुसऱ्या दिवशी तलावापलीकडचा एक पानवालाही त्यांत सामील झाला.

शब्द होता ‘हव’.

हव म्हणजे हो. छत्तीसगढी माणूस हव म्हणतो, त्याच्याकडून भाजी घेता घेता रायपूरचा मराठी माणूसही हव म्हणायला लागतो, आणि तिसऱ्या पिढीत तर झोपेतही हवच म्हणतो. तेव्हा शब्दात नवल काही नव्हतं. भयंकर होता तो त्याआधीचा प्रश्न.

तारीख एक नोव्हेंबर. नवं राज्य दोन वर्षांचं झालं म्हणून सकाळपासून फटाके फुटत होते. राजधानीचं शहर झाल्यापासून रायपूरला आनंद झाला की तो सुतळी बॉम्बनंच व्यक्त करायची खोड लागली होती. साडेचारला अनंतरावांची मुलगी अनुश्री घरी आली, मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेली, आणि तिच्या ओरडण्यानं नाक्यावर बंदोबस्ताला उभे असलेले हवालदार साहू धावत आले. त्यांच्यामागे अनंतरावांचा पुतण्या विशाल. अनंतराव जमिनीवर पडलेले, छातीवर एकच घाव, पण असा की बरगड्या आत गेलेल्या. शेजारी टायर उचकटायची लोखंडी टामी. तिच्या मुठीवर कोरलेलं नाव : प्रफुल्ल.

विशालनं विचारलं, “प्रफुल्ल ने मारा क्या, काका?”

अनंतरावांनी डोळे उघडले. म्हणाले, “हव...” पुन्हा एकदा म्हणाले, “हव...” आणि संपले.

सहा वाजता पोलिसांनी प्रफुल्लला गाडीत घातलं. तो सरलाबाई मेश्रामांच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. चार वर्षांचा असल्यापासून त्यांनीच त्याला वाढवलेलं. दुसरं कोणी त्याला नव्हतं, आणि त्यांनाही नव्हतं.

सरलाबाई चौतीस वर्षं सरकारी कचेरीत स्टेनो होत्या. त्यांच्या कानाच्या गोष्टी अशा की खऱ्या कोणत्या हे आता त्यांनाही सांगता येत नसे. एकदा साहेबाला ठसका लागला तर त्यांनी तोही लिहून घेतला, आणि फायलीत तो मंजूर होऊन आला म्हणतात. पण त्या संध्याकाळी गल्लीनं सांगितलेला तो एक शब्द त्यांच्या कानात शिरला आणि तिथंच अडकून बसला. कुठंतरी खडा होता त्यात. कुठं, ते कळेना.

२

“जेवला का?” ठाण्यात सरलाबाईंनी विचारलं.

“हव,” प्रफुल्ल म्हणाला.

“खोटं बोलून राहिला.”

“हव.”

डबा गजातून आत गेला. प्रफुल्ल सव्वीस वर्षांचा, बीरगावच्या एका कारखान्यात फिटर. अनंतराव रेल्वेतले निवृत्त. उभ्या गाडीची चाकं हातोडीनं वाजवून तपासणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दोघं मिळून वर्षभर त्या शेडमध्ये एक तीन चाकांची मोटारसायकल बांधत होते, आणि गल्ली समजत होती की प्रफुल्ल तिथं अनुश्रीसाठी जातो. गल्लीचं अगदीच चुकत नव्हतं.

“बुधवारी भांडण कायचं झालं?” सरलाबाईंनी विचारलं. “लोकं म्हणतात अनंतराव ओरडले, ‘मेलो तरी हा या घरात येणार नाही.’ तू अनुश्रीचं विचारलं का त्याईले?”

प्रफुल्लनं मान हलवली. “मावशी, ते ‘मेलेलं’ म्हणले. ‘मेलेलं आहे. हे या घरात येणार नाही.’ चाकाले म्हणले.”

“चाकाले?”

“नरहरीकाकाच्या दुकानातून कारची दोन चाकं आणली होती, टायरसकट. समोर लावायले. काकांनी हातोडीनं वाजवून पाहिली. डावं कसं घंटीवाणी वाजलं. उजवं ठप्प. म्हणे याच्या रिमला आतून चीर आहे, चाक मेलेलं आहे. खडूनं फुली मारली अन् मले म्हणाले, परत नेऊन दे. मी म्हटलं, काका, दिसत तर काही नाही, लावून पाहू. त्याच्यावर ओरडले. गल्लीले तेवढंच ऐकू आलं.”

“मग?”

“त्याच दिवशी नेऊन दिलं नरहरीकाकाले. शुक्रवारी दुपारी मी दुसरं चाक पाहाले बीरगावले गेलतो. सुट्टी होती, सगळी दुकानं बंद. हिंडत राहिलो. कोणी पाहिलं नाही मले.” तो डब्याकडे बघत होता. “पोलिसाईले सांगतलं तर हसतात.”

“कायले हसतात?”

“म्या सांगतलं, मी निघालो तेव्हा गाडी डाव्या चाकावर अन् उजवीकडून विटांवर उभी होती. ते म्हणतात, गाडी तर तिन्ही चाकांवर उभी आहे.” त्यानं पहिल्यांदा वर बघितलं. “मावशी, उजवीकडे चाक नव्हतंच.”

३

शेडमध्ये गाडी उभी होती. तिन्ही चाकांवर.

मागचा अर्धा भाग जुन्या बुलेटचा. पुढे मोडीतल्या व्हॅनचा आस टाकलेला, त्याच्या दोन टोकांना कारची दोन चाकं, आणि त्या दोन चाकांच्या मधोमध एक वेताची खुर्ची, पट्ट्यासकट. खुर्ची विनोदिनीबाईंसाठी होती. अनंतरावांच्या बायकोचे पाय आठ वर्षांपूर्वी लुळे पडले. रिक्षात बसवलं की त्या म्हणत, जन्मभर रिक्षावाल्याची पाठच पाहू काय, मले समोरचं दिसलं पायजे. म्हणून ही उलटी तऱ्हा : बसणारी पुढे, चालवणारा मागे.

आधी पुढे मोटारसायकलचेच टायर लावले होते. पण मोटारसायकलचा टायर असतो गोल, वळणावर कलायला. ही गाडी कलत नाही, त्यामुळे ती टायरच्या कडेवर घसरायची. कारचा टायर सपाट, पाट मांडल्यासारखा रस्त्यावर बसतो. मात्र कार जड, ही हलकी. कारइतकी हवा भरली तर खुर्ची उडून माणूस तलावात जायचा. अनंतरावांनी मोजूनमापून ठरवलं होतं, पुढे चौदा पौंड हवा, एक जास्त नाही. हे त्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला, ज्यांच्याकडे सायकलही नव्हती त्यांनासुद्धा, ऐकवलं होतं.

तपासलेल्या प्रत्येक वस्तूवर खडूनं शेरा मारायची त्यांची रेल्वेतली सवय. डाव्या टायरवर लिहिलं होतं ‘ठीक’. उजव्या टायरवर लिहिलं होतं ‘ठिक’. सरलाबाईंनी दोन्ही वाचलं, आणि मन दुसरीकडे असल्यामुळे पुढे गेल्या. वर बघितलं तर छपराचं एक कवेलू, म्हणजे कौल, फुटलेलं. तुकडे खाली नव्हते, बाहेरच्या बाजूला छपरावर पडले होते. भोकातून आभाळ दिसत होतं.

आत विनोदिनीबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. रडून झालं होतं.

“या बाई, बसा,” त्या म्हणाल्या. “प्रफुल्लनं नाही मारलं. पण माझं कोण ऐकते? मी तर आतच होते, अन् मलेच काही समजलं नाही.”

“काय ऐकलं तुम्ही?”

“साडेतीनची गोळी घेतली. तेवढ्यात एक मोठा बार झाला. दिवसभर फुटतच होते, पण हा पोटात बसला. पलंग हालला. मी हाक मारली, अहो, काय झालं. उत्तर नाही. मग ठोकणं सुरू झालं, तेव्हा जीवात जीव आला. म्हटलं, आहेत, कामात आहेत.”

“कसं ठोकणं?”

“सारखं. ठणठण ठणठण. अर्धा तास.”

सरलाबाईंचं डोकं किंचित कललं. अनंतरावांची हातोडी गल्लीला पाठ होती. दोन ठोके, मग शांतता; दोन ठोके, मग शांतता. ते चाकाचं उत्तर ऐकत.

“ते चालू असतानाच पावणेचारले मी पुन्हा हाक मारली,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “अनुश्री थर्मासमध्ये चहा ठेवून गेली होती. म्हटलं, चहा घ्यायले येता का. तर तिकडून म्हणाले,” आणि इथं त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर हसू आलं, पाहवत नव्हतं असं, “म्हणाले, ‘हव’. चाळीस वर्षं मले टोकलं बाई त्या माणसानं. मले नाही, मला म्हण. हव नाही, हो म्हण. पोरीले तर हव म्हटलं की उठाबशा. अन् त्या दिवशी स्वतःच म्हणाले. मी मनात म्हटलं, सुधारला म्हातारा. थर्मास हाती धरून वाट पाहत बसले.”

बाहेर दाराशी हवालदार साहू उभे होते. त्यांनी ते ऐकलं आणि वही उघडली.

“सुना दीदी?” ते सरलाबाईंना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात विजय नव्हता, उलट थोडी लाज होती. “बाई खुद कहत हे. बाबूजी हव बोलते थे. तो मरते टाइम भी वही बोले.”

प्रफुल्लच्या गळ्यातला फास एका वेढ्यानं आवळला गेला, आणि आवळला तो त्याच्या बाजूनं बोलणाऱ्या बाईनंच.

४

विशालला सगळे वाईट समजत, आणि तो तसा होताही. राजधानी झाल्यापासून बूढापाऱ्यातल्या जुन्या घरांवर तो गिधाडासारखा फिरे. काकाचं घर पाडून तिथं दुकानं काढायची त्याची इच्छा जगजाहीर. सरलाबाईंनी त्याला मराठीत विचारलं, त्यानं हिंदीत उत्तर दिलं. घरात कोणी मराठीत बोललं की त्याचं असंच.

“तू प्रफुल्लचंच नाव काहून घेतलं?”

“आंटी, टामी पे नाम लिखा था. जो दिखा वो पूछा.”

“साडेतीनले कुठे होता?”

“मंच पे. नेताजी को माला पहना रहा था. फोटो है, अखबार में भी आया है.”

फोटो होता. हार घालणारे सोळा आणि नेताजी एक, पण विशालचा चेहरा स्पष्ट.

राहिला नरहरी गुल्हाने. पंडरीच्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान, अनंतरावांचा शाळेपासूनचा मित्र. दारावर पाटी : ‘नरहरी टायर वर्क्स. पंचर व रिम ठिक करून मिळेल.’ पुढे त्याची पांढरी मारुती व्हॅन. नरहरीच्या उजव्या हाताला पट्टी बांधलेली.

“काच लागली,” तो म्हणाला. “बसा बाई. माणूस गेला हो माझा. चौथीत एका बाकावर होतो.” तो खरंच रडला, पट्टीच्याच हातानं डोळे पुसत.

“बुधवारचं ते चाक प्रफुल्लनं परत आणलं ना?”

“हव, आणलं. भंगारात फेकलं मी. चाकात काही नव्हतं बाई, खरं सांगू? अनंताचा तो हट्ट. म्हणे कानानं चीर ऐकू येते. चाळीस वर्षं चाकं विकून राहिलो, मले डोळ्यानं दिसत नाही, अन् याले कानानं ऐकू येते. साऱ्या गल्लीसमोर माझ्या मालाले मेलेलं म्हणाला तो. तेही पोट्ट्याच्या हाती परत पाठवलं.” तो थांबला. “जाऊ द्या. मेलेल्या माणसाचं काय काढायचं.”

“शुक्रवारी तिकडे गेला होता?”

“हप्ताभर बूढापाऱ्यात पाय नाही ठेवला.”

“गाडीले उजवं चाक आहे. कोणाचं असेल?”

“प्रफुल्लनं आणलं असेल कुठून तरी,” नरहरी म्हणाला, आणि चहा सांगितला.

घरी येऊन सरलाबाईंनी वही काढली. विचार अडला की त्या तो शॉर्टहँडमध्ये लिहीत. त्यांनी विशालचा प्रश्न लिहिला आणि त्यापुढे उत्तर लिहिलं. ह-ची रेघ, व-ची रेघ. मग पान वर धरून वाचायला गेल्या आणि पेन्सिल हातातून गळाली.

शॉर्टहँडमध्ये घाई झाली की सगळ्यात आधी स्वर मरतात. नुसती व्यंजनं उरतात. वाचणाऱ्यानं स्वर आठवणीनं भरायचे. नवशिक्या मुलींना त्यांनी हजारदा सांगितलं होतं : साहेब काय म्हणतील ते नाही, *हे* साहेब काय म्हणतील ते भरा.

साहूंनी स्वतःच्या तोंडातला शब्द भरला होता. अनंतरावांच्या तोंडातला नाही.

५

“साहूजी,” सकाळी शेडमध्ये सरलाबाईंनी विचारलं, “शब्द संपला तेव्हा त्यांचे ओठ कसे होते? मिटले होते की उघडे?”

साहूंनी डोळे मिटले. भला माणूस होता, खोटं आठवत नव्हता. “खुले रहे दीदी. बोल के भी मुंह खुला ही था. दोनों बार.”

“तुम्ही म्हणा बरं, हव.”

“हव.”

“ओठ दातांजवळ येऊन थांबले ना? आता म्हणा, हवा.”

“हवा,” साहू म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. फक्त शब्दामुळे नव्हे.

“मरणाऱ्याचं तोंड उघडंच राहतं, हे मलाही माहीत आहे,” सरलाबाई म्हणाल्या. “म्हणून नुसत्या त्यावर जात नाही. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं बायकोला ‘हव’ म्हणू दिलं नाही, तो मरताना स्वतः कशाला म्हणेल? तो ‘हो’ म्हणेल. विशालच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतंच. काय झालं ते सांगत होते ते. हवा.”

“पर बाई ने तो सुना. चाय के टाइम.”

“विनोदिनीबाईंनी हव ऐकलं, बरोबर ऐकलं. फक्त ते अनंतरावांचं नव्हतं. शेडमध्ये दुसरं कोणी होतं. त्यानंच अर्धा तास ठोकलं, तोच हव म्हणाला. अनंतराव दोन ठोके देऊन थांबतात.”

साहू हळूच म्हणाले, “हव तो प्रफुल्ल भी बोलथे.”

“बोलतो. म्हणून आता हवेलाच विचारू.”

अनुश्रीनं फळीवरून वडिलांचा हवा मोजायचा काटा काढला. काटा तिनं बरोबर धरला. वडिलांनी शिकवलं होतं. डाव्या चाकाला लावला. चौदा. उजव्या चाकाला लावला.

“बत्तीस,” अनुश्री म्हणाली. पुन्हा लावला. “बत्तीस. बाबा असं कधीच...”

“त का होगे दीदी?” साहूंना त्यात वावगं काय ते कळेना.

“बत्तीस पौंड हवा कारच्या चाकात असते. हे चाक या गाडीसाठी भरलेलंच नाही. ते एका कारवरून काढून घाईनं इथं चढवलंय. चार नट घट्ट करायला अर्धा तास ठोकलं. प्रफुल्लकडे कार आहे का?” त्या खाली वाकल्या, आणि या वेळी खडूची अक्षरं नीट वाचली.

“अनुश्री, तुझे बाबा ‘ठीक’ कसं लिहायचे?”

“दीर्घ,” अनुश्री लगेच म्हणाली. “ऱ्हस्व लिहिलं की शंभरदा लिहायला लावायचे.”

तिनं वाकून उजवा टायर वाचला. मग डावा. “हे बाबांनी लिहिलेलं नाही,” ती म्हणाली.

“आणि ते छप्पर बघा, साहूजी. कवेलू आतून बाहेर फुटलंय. टामीनं छातीवर मारताना छप्पर फुटत नाही. इथं काहीतरी उडालं. तो बार फटाक्याचा नव्हता.”

६

नरहरी दुकानात एकटाच होता. साहूंना बघून उठला नाही.

“नरहरीभाऊ, व्हॅनची स्टेपनी दाखवता?” सरलाबाईंनी विचारलं.

“पंचर आहे. काढायला दिली.”

“कोणाच्या दुकानात?”

पाटी त्याच्या डोक्यावर होती. सरलाबाई तिच्यावरचं ‘ठिक’ बघत होत्या, म्हणून त्यानंही वर बघितलं, पण त्याला त्यात काही दिसलं नाही. आयुष्यभर दिसलं नव्हतं.

साहूंनी मागच्या भंगारात हात घातला. तिसऱ्या थराखाली ते सापडलं. फाटलेला टायर, आणि रिमचा अर्धा भाग नाहीसा. उरलेल्या भागावर ताजा चंदेरी रंग. रंगाखाली वेल्डिंगची जाड शीर, आणि टायरच्या काळ्या रबरावर पुसूनही न गेलेली खडूची फुली.

“फसवायचं नव्हतं,” नरहरी शेवटी म्हणाला. “दाखवायचं होतं. चीर होती, थोडीशी. वेल्डिंग केली, रंग मारला. म्हटलं, दुसरं चाक आणलं म्हणून सांगतो, वाजवू दे त्याले. कळलं नाही तर मग बोलतो, की अनंता, हेच ते तुझं मेलेलं चाक. साऱ्या गल्लीसमोर बोलणार होतो. एवढंच.”

“वाजवलं त्यांनी?”

“मी चाक चढवलं. त्यानं फ्रिजच्या मोटरपासून बनवलेलं हवा भरायचं यंत्र लावलं. त्यानं दोन ठोके मारले. ऐकलं. म्हणाला, नरहरी, हे तेच आहे, हवा काढ.” त्यानं पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात घेतला. “मले राग आला. एवढ्या रंगाखाली, एवढ्या फटाक्यांत याले ऐकू कसं येते? मी म्हटलं, चाळीस पौंड भरून दाखवतो, पाहा फुटते का. तो पुढे झाला. बंद करायले. हवा, हवा म्हणत होता.”

दुकानात बाहेरून एका ट्रकचा आवाज येऊन गेला.

“मग व्हॅनची स्टेपनी चढवलीत. त्यांच्या अक्षरात शेरा लिहायला गेलात. प्रफुल्लची टामी शेजारी ठेवलीत.”

“टामी तिथंच होती. मी फक्त... सरकवली.”

“अनंतराव साडेचारला जिवंत होते, नरहरीभाऊ. साडेतीनला बार झाला. डॉक्टर म्हणतात, तासाभरात नेलं असतं तर वाचले असते.”

“मले वाटलं, गेला. आईची आण, गेला असंच वाटलं.”

“मग विनोदिनीबाईंनी चहाला बोलावलं तेव्हा त्यांना सांगितलं का नाही? हव का म्हणालात?”

नरहरीनं पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“नाही म्हटलं असतं,” तो म्हणाला, “तर तिनं आवाज ओळखला असता. हव तर कोणीबी म्हणते.”

साहूंनी वही मिटली. त्या दिवसापासून कितीतरी महिने ते कोणाला नुसतं ‘हव’ म्हणत नसत. पूर्ण वाक्य बोलत.

७

प्रफुल्ल बाराव्या दिवशी सुटला. घरी न जाता सरळ खेर्डेकरांच्या अंगणात आला. उजवीकडचं चाक पोलिसांनी नेलं होतं, गाडी पुन्हा विटांवर उभी होती, पहिल्यासारखी.

विनोदिनीबाईंना सगळं सांगावं लागलं. सरलाबाईंनीच सांगितलं, वेळेसकट. शब्द गाळायची त्यांना सवय नव्हती. विनोदिनीबाईंनी एकच विचारलं, “म्हणजे मी थर्मास धरून बसले तेव्हा ते जिवंत होते?” सरलाबाई म्हणाल्या, “होते.” त्यानंतर आठ दिवस त्या घरात चहा झाला नाही.

नवं चाक आलं तेव्हा विनोदिनीबाईंनी पलंग दारापर्यंत ओढायला लावला. प्रफुल्लनं चाक चढवलं. चौदा पौंड हवा भरली, अनुश्रीनं काटा लावून बघितला. मग त्यानं फळीवरची हातोडी घेतली. दोन ठोके मारले आणि थांबला. चाक स्वच्छ वाजलं, आणि तो आवाज अंगणभर जाऊन हळूहळू विरेपर्यंत कोणी हललं नाही.

खडू कोणी घ्यायचा ते कळेना. अनुश्रीनं तो आईच्या हातात दिला आणि चाक फिरवून दारापाशी आणलं. विनोदिनीबाईंनी पलंगावरून वाकून, वेळ लावून, दोन अक्षरं काढली. ठ-ला वेलांटी देताना हात अडखळला.

“दीर्घ ना रे?” त्यांनी विचारलं.

“हव,” प्रफुल्ल म्हणाला.

त्याला कोणी टोकलं नाही.